भिंतीकडे तोंड

दादा मोजणी खात्यात. जमिनीचे नकाशे काढता काढताच एक दिवस टेबलावर डोकं टेकलं. मेंदूत रक्ताची गुठळी. तीन महिन्यांत हातपाय परत आले, दादा मात्र आला नाही. भरवलं की जेवायचा, बसवलं की बसायचा. त्याच्या साहेबांनी महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, "त्याच्या जिवाभावाचं काहीतरी समोर ठेवून बघा. त्यानंही काही हललं नाही, तर मग..." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

वहिनीनं त्याच्या हातात फोनवरचा खेळ दिला. किल्ला, नाणी, आणि कुठं बोट ठेवायचं ते दाखवणारा बाण.

"हा कसला खेळ?" मी म्हणाले. "ही तर भरवाभरवी. फोन टेबलावर ठेवला तरी जिंकेल."

"मग आणा तुमचं ते खटारं. वन्सं, लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्यापेक्षा त्याचंच तोंड जास्त पाहिलंय यांनी."

मी कवळ्या बनवते. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि माझ्याकडचा जुना कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन आले.

काय खेळ होता तो! दोन राज्यं, आणि सांगणारं कुणी नाही. दोनशे बारा पानांचं पुस्तक, तेवढंच. सैन्य हलवायचं तर आधी रस्ता हवा, रस्त्याला बैल हवेत, बैलांना चारा हवा, चाऱ्याला पाऊस हवा. मीठ धाडायला विसरलात तर हिवाळ्यात मासळी सडायची, आणि ते कळायचं तीन वर्षांनी, गाव ओस पडल्यावर. एका पाळीला तास लागायचा, आणि दोघांची एकेक पाळी झाली की तिथलं एक वर्ष सरायचं. पडदा एक आणि वैरी दोन, म्हणून एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं. बावीस वर्षं हा एकच डाव चालला होता, दर रविवारी दुपारी एकेक पाळी. आमची लग्नं झाली, आई गेली, बाबा गेले. मान वळवून चोरून पाहिलं नाही कुणी. "काय गनीम, आहात का घरी?" दादा दारातूनच विचारायचा.

पडदा उजळला. त्याची एक्केचाळीस गावं निळी, माझी अडतीस लाल, मधे नदी. पाळी त्याची होती.

दादा बघत राहिला. मग त्याचा हात आपला आपण उठला आणि कीबोर्डच्या एका कळीवर गेला.

"गनीम," तो म्हणाला.

वहिनीनं तोंडावर पदर दाबला आणि फोन घेऊन बाहेर पळाली. मी स्टूल फिरवलं, भिंतीकडे तोंड केलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, ती त्याला दिसली नाही ते बरंच झालं.

टक. मग बराच वेळ काही नाही. टक.

तो नेहमी असाच. विचार घागरभर, बोटं थेंबभर. भिंतीकडे बघत मी मनानं त्याच्यासोबत चालत होते: आता कोठारं बघत असेल, आता बैल मोजत असेल, आता माझ्या नदीकाठच्या गावावर डोळा असेल, लबाडाचा. टक. बाहेर वहिनी तिच्या आईला सांगत होती, "अगं, खेळतायत! स्वतः! तास होऊन गेला! सोमवारी साहेबांना भेटतेच, म्हणावं दुसरा माणूस घेऊ नका."

"पाळी," दादा म्हणाला.

मी वळले.

नकाशा तपकिरी होता. निळं नाही, लाल नाही. कोपऱ्यात खेळातलं साल होतं अकराशे एकोणऐंशी. मी बसले तेव्हा अकराशे बारा होतं. त्यानं एकच कळ दाबली होती, पाळी संपवायची. खेळानं विचारलं, दुसरा राजा तयार आहे का? तेव्हाही तीच. सदुसष्ट वर्षं कुणी पेरलं नव्हतं, कुणी मीठ धाडलं नव्हतं. एकोणऐंशी गावांवर गवत.

मागं जायला वाट नव्हती. दर पाळीला जुन्यावर नवं सेव्ह होईल अशीच सोय पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी करून घेतली होती. चुकलं तर चुकलं, भोगायचं. बाण बघून खेळणाऱ्यांतले आम्ही नव्हे! तिसऱ्या टकेला नुसती मान वळवली असती, तर निदान गावं वाचली असती.

दादाचं बोट पुन्हा कळीवर गेलं. अकराशे ऐंशी. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, मजाही नव्हती. भरवताना असतो तोच चेहरा.

दार ढकलून वहिनी आली. फोन कानाला, गाल लाल. "वन्सं, आई विचारतेय, कोण जिंकतंय?"

"वहिनी, फोन ठेव आधी."

"का हो?"

"ठेव ना. आणि साहेबांकडे इतक्यात जाऊ नकोस."

फोनमधून तिची आई हॅलो हॅलो करत राहिली. वहिनी पुढं आली, दादाच्या खांद्यावर हात ठेवून वाकली. त्या खेळातलं तिला कधीच काही कळलं नव्हतं.

"हे सगळं असं रिकामं का दिसतंय?" तिनं विचारलं.

टक.