कोरड्या डोळ्यांचा ढावलो

निकिताच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा वर्षाने ती उलटसुलट करून पाहिली. हळदीची वेळ होती, वरातीची होती, जेवण कुणाच्या वावरात आहे तेही होतं. बिदाईचं मात्र कुठे काही छापलेलं नव्हतं. बिदाई कोणी छापत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण अख्ख्या लग्नात तिला भय होतं ते तेवढंच, आणि भयाची वेळ आधी कळली की माणूस तयारीत राहतो.

निकिता तिच्या भावाची, संजयची, एकुलती एक मुलगी. वर्षा तिची फूफी, म्हणजे आत्या. पुसदच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. लग्न फुलसावंगीच्या पलीकडे त्यांच्या बंजारा तांड्यावर होतं, आणि तांड्यावर मुलगी सासरी निघाली की ढावलो होतो. ढावलो म्हणजे नुसतं रडणं नव्हे. एकमेकींच्या गळ्यात पडून, सुरात, शब्द जुळवत रडायचं. पोरीने लहानपणी काय खोड्या केल्या, कुणाच्या बोरी झोडपल्या, आता घर कसं सुनं होणार, सगळं त्यात येतं. ढावल्यात आजी पहिली असते. वर्षाची आई रामीबाई, सगळ्यांची याडी, ढावल्यासाठी चार तांड्यांत नावाजलेली होती. ती उभी राहिली की ट्रॅक्टरवाले इंजिन बंद करून ऐकत.

गेल्या वर्षी फाल्गुनात याडी गेली. आजीची जागा आता फूफीची.

याडी गेली त्या दिवशीही बायका असंच गळ्यात पडून सुरात रडल्या होत्या. एकीने मागून येऊन वर्षाला मिठी मारली, दुसरीने पुढून. बांगड्यांचा आवाज, ओल्या गालांचा स्पर्श, कानाशी हंबरडा. वर्षाच्या अंगात विजेची तार शिरल्यासारखं झालं. ती निसटली ती थेट गोठ्यात. तिथे सूप दिसलं, तूर दिसली. ती खडे निवडत बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. निवडून झालेली तूर तिने पुन्हा निवडली. पाणी शेंदायला चाललेल्या शेजारच्या मानीबाईने ते पाहिलं आणि साऱ्या तांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "माय मेली अन् पोरगी तूर निवडून राह्यली! भाटा हाय वं, भाटा!"

भाटा म्हणजे दगड. वर्षाला त्या शब्दाचा राग आला नाही. तिला तो खरा वाटला.

पुढे तिने शोकावरची कपाटभर पुस्तकं वाचली. दुःखाच्या पायऱ्या सांगणारी होती, त्यांतल्या एकाही पायरीवर ती स्वतःला सापडली नाही. वाचता वाचता एका भलत्याच पुस्तकात सापडली. कल्लोळ सोसत नाही, अचानक स्पर्श सोसत नाही, डोळ्यांत डोळे घालून बोलता येत नाही, एकाच कामात तासन्‌तास मन रमतं. नागपूरला तपासण्या झाल्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर तिला कळलं की ती ऑटिस्टिक आहे. निदानाचा कागद घेऊन ती पुसदमध्येच समुपदेशक विमलताईंकडे गेली.

विमलताईंची खोली एका कृषी केंद्राच्या वर होती. जिना चढताना बियाण्याचा आणि फवारणीच्या औषधाचा वास यायचा. पहिल्याच भेटीत वर्षा खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "मला दुरुस्त करायला किती दिवस लागतील?"

"कशाची दुरुस्ती? बिघडलंय काय?"

"मी रडत नाही."

"आणि तुम्हाला रडायचंय?"

वर्षाने विचार केला. "तांड्याला माझं रडणं हवंय."

"मग तांड्याला पाठवा माझ्याकडे," विमलताई म्हणाल्या आणि उठून त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. "ही गुणगुणते ना? मलाही त्रास होतो. खुर्ची खिडकीकडे वळवा हवं तर. माझ्याकडे पाहायलाच पाहिजे असं काही नाही, मी काही पाहण्यासारखी नाही." पंखा कटकट करत होता, तोही त्यांनी बंद केला. ऑक्टोबरच्या उन्हात दोघी घामाघूम होऊन बसल्या, आणि वर्षाला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

विमलताईंनी तिला मिठी मारायला शिकवलं नाही, डोळ्यांत पाहायलाही नाही. "तुमची घडणच अशी आहे, ती मोडायची नाही," असं त्यांनी एकदा सांगितलं आणि पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत. त्या विचारत ते लहानपणाचं, आणि स्वप्नांचं. वर्षाला एक स्वप्न वारंवार पडायचं. ती अगदी लहान आहे आणि याडीच्या ओढणीखाली बसली आहे. बाहेर धरणाच्या सांडव्यासारखा घोंघाट, आत शांत.

"ती ओढणी तुम्हाला काय म्हणत असेल?" विमलताईंनी विचारलं.

"ओढणी बोलत नाही."

विमलताई मोठ्याने हसल्या. "चुकलंच माझं. बरं, वजन सांगा तिचं."

वजन सांगता येत होतं. डोक्यावर, खांद्यावर, कवड्यांनी जड झालेला काठ. आरशांच्या टिकल्यांतून उन्हाचे कवडसे. करडीच्या तेलाचा वास. दर भेटीत वर्षा थोडी आणखी आत जायची, आणि एका भेटीत ती बोलता बोलता थांबली.

"काय झालं?"

"याडीचा चेहरा दिसला. बाहेर ढावलो चाललाय. तीच गातेय. सगळ्या बायका रडतायत." वर्षा खुर्चीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "तिचे डोळे कोरडे आहेत."

खाली कुणीतरी सरकीच्या भावावरून घासाघीस करत होतं.

"हे खरं घडलं होतं की स्वप्न आहे?" वर्षाने विचारलं. "मला खरं काय ते हवंय."

"मला कसं कळणार? मी तिथे नव्हते," विमलताई म्हणाल्या. "पण तुमच्या मनाने इतकी वर्षं ते जपून ठेवलंय. ते आपण टाकायचं नाही, आणि त्याच्यावर घाईने शिक्काही मारायचा नाही. लग्नाचं काय? तुम्हाला काय हवंय ते सांगा. तांड्याला काय हवंय ते माहीत झालं."

"निकिताला निरोप द्यायचाय. शब्द माझ्याकडे आहेत, खूप आहेत. मिठी नको."

"हे मला सांगून काय उपयोग?"

म्हणून वर्षाने निकिताला लांबलचक मेसेज लिहिला; घडणीविषयी, स्पर्शाविषयी, गोठ्याविषयीही. पाठवला आणि फोन गादीखाली दडवला. उत्तर आलं ते आवाजाचं, अर्ध्याहून जास्त हसण्याचं. "फूफी! एवढंच ना? मले बी मेकअप खराब करायचा नाही, ब्यूटिशियन यवतमाळवरून येऊन राह्यली! मिठी कॅन्सल. मी याडीची ओढणी घेऊन कूलरपाशी बाजेवर बसतो, तू नुसता काठ धर. अन् ऐक ना, गोठ्यातली ती तूर मी खाल्ली होती. एक खडा नव्हता तिच्यात."

ओढणी वर्षाकडेच होती. काठाची एक कवडी गळाली होती. दुसरी मिळेना, तेव्हा तिने तिथे याडीच्या चोळीचं निळं बटण शिवलं.

लग्नाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन आणि डीजे दोघे पैजेवर पेटले होते. वर्षाने कानांत कापसाचे बोळे घातले; कापसाच्या जिल्ह्यात तेवढी तरी सोय असते. वहिनी पुष्पाने कडब्याच्या खोलीत बाज टाकून माठ भरून ठेवला होता. "जीव घाबरला की इथं येऊन पडजा. कोणी इचारलं तं सांगतो, फूफी आहेर मोजून राह्यली." वर्षा तिथे तीनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा तिथे संजय लपलेला सापडला. "मले बी आवाज सोसत नाही वं," तो ओशाळून म्हणाला. "मी बाप हाय म्हणून कोणी इचारत नाही." वर्षाने कापसाचे दोन बोळे त्याच्याही हातावर ठेवले.

मग बिदाईची हाक आली आणि डीजे थांबला. मांडवात बायका गोळा झाल्या. मानीबाई अगदी पुढे, पाहायला.

वर्षा मान खाली घालून निघाली. कॅमेऱ्याचे दिवे टाळायचे, चेहरे टाळायचे, पायांखालची सतरंजी पाहत कूलरपर्यंत जायचं. बाजेवर ओढणी होती. ओढणीखाली घुंगट घेतलेली मान झुकलेली होती. वर्षाने काठ हातात घेतला, चाचपडत निळं बटण शोधलं, त्यावर अंगठा टेकवला आणि डोळे मिटून सूर लावला.

सूर याडीचा निघाला. तिला स्वतःलाच ते नवल वाटलं. बायका जवळ सरकल्या. वर्षाने गायलं की छोरी, तू तळ्याच्या पाळीवरून सायकल घातलीस आणि पुढचा दात पाडलास, तो मी कौलावर फेकला आणि उंदराकडे नवा मागितला. आता नव्या दातांनी हसत तू चाललीस. सासू रागावली तर उलटून बोलू नको, छोरी, पण ताटावरून उपाशी उठू नको. नवरा रुसला तर रुसू दे.

घुंगट हलला. आतून हुंदका आला, आणि हुंदक्यापाठोपाठ, ढावल्याच्याच सुरात, थरथरता घोगरा आवाज:

"दात कायचा वं बाई, दात तं सारेच गेऽऽले! सासू मरून जमाना झाऽऽला! अन् नवरा गेला फोटोऽऽत, तो आता कायचा रुसऽऽते!"

वर्षाने डोळे उघडले. ओढणीखाली जमनाबाई होत्या. नवरदेवाची आजी, ऐंशीच्या पुढच्या.

मांडव हशाने फुटला. पुष्पा कमरेला हात लावून खाली बसली. नवरदेवाकडच्या बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. मानीबाईला हसता हसता ठसका लागला आणि तिला पाणी पाजावं लागलं. तेवढ्यात निकिता घरातून लेहंगा सावरत धावत आली. "फूफी! मी फोटोले गेलती! आजीले कूलरची हुडहुडी भरली म्हणून ओढणी तिच्या अंगावर टाकली मी!"

वर्षाचे कान तापले. तिने काठ सोडायला हात मागे घेतला, पण जमनाबाईंनी तो काठ दुसऱ्या बाजूने घट्ट धरला होता.

"थांब. कायले सोडतं? माह्यासाठी ढावलो झाला त्याले साठ वर्सं झाली. आता पुन्हा कोण म्हणणार होतं?" त्यांनी घुंगट वर करून पदराने डोळे पुसले आणि वर्षाच्या हाताकडे पाहिलं. "तू रामीबाईची छोरी ना? मले सुरावरूनच वाटलं. हात पाहून खात्री झाली."

"हात?"

"तुही माय बी कोणाच्या गळ्यात पडत नव्हती. असाच काठ धरे. माह्या पोरीच्या लग्नात सारा मांडव रडवला तिनं. मी म्हटलं, पाहू तं खरं, अन् तिचा घुंगट वर केला." जमनाबाई हसल्या. "डोळे ठणठणीत कोरडे! म्या म्हटलं, काहून वं रामी, रडत नाही? तं म्हणते, 'चूप बस, बाई. रडली तं शब्द इसरतो मी.'"

मानीबाईचा ठसका एव्हाना थांबला होता. तिने जमनाबाईंकडे पाहिलं, मग वर्षाकडे. "हे रामीबाईनं आम्हाले कधी सांगितलं नाही, बाप्पा," ती म्हणाली आणि पाण्याचा गडू खाली ठेवून वर्षासाठी वाट करून द्यायला सरकली.

गोठ्यातली ती दुपार वर्षाच्या डोळ्यांपुढे आली. पण आता गोठ्यात ती एकटी नव्हती. सुपाच्या पलीकडे कुणीतरी बसलं होतं आणि तितक्याच मन लावून खडे वेचत होतं. हे विमलताईंना सांगायचं, तिने मनात ठरवलं. घडलं होतं ते. खरं होतं.

"फूफी," निकिता बाजेवर बसत म्हणाली, "आता माहा नंबर. अन् दाताचं गाळू नको हां, ते मले पाहिजे."

जमनाबाईंनी आपल्या हाताने ओढणी उतरवून निकिताच्या डोक्यावर घातली. निकिताच्या काजळाला आताच पाय फुटले होते. यवतमाळच्या ब्यूटिशियनने कपाळाला हात लावला. वर्षाने काठ धरला, बटण शोधलं. तिचे डोळे कोरडे होते आणि तिला एकूण एक शब्द आठवत होता. तिने पुन्हा तळ्याच्या पाळीपासून सुरुवात केली.