महाराजांचा डावा अंगठा

बकरीला सावली लागते.

राणीसमोर खिशात हात घालून उभं राहणं हा गुन्हा आहे.

थर्मामीटर आणि माशाचे खवले काढायची सुरी एकाच पिशवीत ठेवू नयेत.

महाराजांना डावा बूट होत नाही.

"सदर केंद्रात परिचारिका कार्यरत असल्याचे छायाचित्रावरून दिसून येते."

सही केल्याशिवाय जेवण नाही.

हे सगळं एकाच गावातलं आहे आणि त्याचा शेवट एका अंगठ्यापाशी होतो. हाताच्या नाही, पायाच्या.

आमच्या बेटावर सरकारं दोन. एक शहरात असतं, त्याला पाच वर्षांनी मतं लागतात. दुसरं गुलाब मंडळाचं, त्याला ढोल, बँजो आणि मसाल्याची रम लागते. मंडळात राजा, राणी, न्यायाधीश, पोलीस, शिपाई, नर्स, सगळे आहेत आणि सगळे खोटे आहेत. तीस ऑगस्टला, सेंट रोझच्या सणाला, हे खोटं सरकार मिरवत चर्चमध्ये जातं, मिरवत परत येतं आणि संध्याकाळपर्यंत राज्य करतं. तोवर कुणी सोंग सोडायचं नाही. राजाला घरच्या नावाने हाक मारली तरी शिक्षा. टेकडीपलीकडे मार्गरीट मंडळ आहे, त्यांचंही असंच सरकार आहे, पण ते लोक हळू गातात, म्हणून त्यांच्याविषयी एवढंच.

मी पोलीस. एरवी मिनीबस चालवतो. महाराज म्हणजे माझे मामा, इपोलीत. एरवी त्यांची केळीची बाग आहे. नर्स म्हणजे मा फ्रेझी. ती एरवी मासे विकते, आणि तिच्या तोंडी फादरसुद्धा लागत नाहीत.

मामांना साखरेचा आजार. इस्टरच्या उपासात अंगठ्याची जखम उघडी पडली आणि मिटायचं नाव घेईना. दिवसाआड पट्टी बदलायला हवी. पण खरी नर्स, मिस ओडेट, जानेवारीतच निवृत्त होऊन मुलीकडे कॅनडाला गेलेली. दवाखान्याला कुलूप, ओट्यावर बकरी. शहर माझ्या गाडीने दोन तास. मामा म्हणाले, "शहरात गेलं की कापतात. आणि तिथवर तू नेणार? म्हणजे पोचायच्या आधीच."

मग पट्टी मा फ्रेझी बदलायला लागली. का, तर तिच्याकडे पांढरा गणवेश होता.

"हलू नका."

"दुखतं गं."

"माझे मासे कधी तक्रार करत नाहीत."

"ते मेलेले असतात, फ्रेझी."

"म्हणून तर म्हणते, हलू नका."

जुलैत एकदा ती पट्टी करून बाहेर आली आणि माझ्या गाडीच्या पायरीवर बसली. तिला बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सिप्रियन, आज खाली पांढरं दिसलं रे. हाड असावं. मासा असता तर मी समुद्रात फेकला असता."

"अगं, पण..."

"पण काय? मी खेळातली नर्स आहे. पाय जाईल त्यांचा. आणि लोक म्हणतील, फ्रेझीने घालवला."

आम्ही काही हात बांधून बसलो नव्हतो. नर्स द्या म्हणून मार्चमध्येच अर्ज केला होता. त्यावर आरोग्य खात्याने कळवलं, की गेल्या वर्षीच्या सणात मंत्रीमहोदय आपल्या गावी आले होते, त्यांनी दवाखान्याच्या दारात परिचारिकेशी हस्तांदोलन केलं, त्याचं छायाचित्र दफ्तरी आहे. म्हणजे आपल्याकडे दोन परिचारिका होत्या. एक निवृत्त झाल्या. एक कार्यरत आहेत.

फोटोत मा फ्रेझी होती. मिरवणूक दवाखान्याच्या सावलीला थांबली होती, आणि तिने सोंगाप्रमाणे मंत्र्याला कडक सलाम ठोकून मग हात मिळवला होता. मिस ओडेट फोटोत नव्हती, कारण ती आत काम करत होती.

आम्ही पुन्हा लिहिलं, फोटोतली नर्स खोटी आहे. उत्तर या वेळी चार दिवसांत आलं. परिचारिकेची तोतयागिरी हा कैदेस पात्र गुन्हा आहे, सबब त्या महिलेचं नाव व पत्ता कळवावा.

"कैद?" मा फ्रेझी म्हणाली. "तिथे नर्स असते का? असली तर मामांनाच पाठवा."

तर असं अडकलं. खोटी म्हणावी तर फ्रेझी आत, खरी म्हणावी तर मामांचा पाय जातो.

तोड काढली जर्मेनने. ती मंडळाची न्यायाधीश. एरवी शाळेचे गणवेश शिवते. तोंडात टाचण्या धरूनच म्हणाली, "आपण कुणी म्हणायचंच नाही. त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं."

निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे मंत्री येणार हे सूर्य उगवण्याइतकं नक्की होतं. तीस ऑगस्टला ते पिवळाधमक शर्ट घालून आले आणि चर्चपासून मंडळाच्या अंगणापर्यंत दिसेल त्या पोराचा मुका घेत आले. राणीसमोर उभे राहिले. रुमाल काढायला हात खिशात गेला.

"साहेब, चला," मी म्हणालो.

"कुठे?"

"अटक आहे. हात खिशात, राणीसाहेब समोर."

ते हसले. हसावंच लागतं. सणात अटक झाली तर मान तुकवायची, शिक्षा भोगायची, मंडळाच्या वहीत सही करायची, मग ताट. ही रीत गव्हर्नर जनरललाही चुकलेली नाही.

वही शाळेच्या मास्तरांकडे होती. तीत आहे ते असं:

न्यायाधीश: नाव?

आरोपी: आता माझं नाव कुणाला माहीत नाही?

न्यायाधीश: मास्तर, लिहा. आरोपीला स्वतःचं नाव सांगता येत नाही.

(हशा. ढोल.)

न्यायाधीश: काम काय करता?

आरोपी: लोकांच्या आरोग्याची काळजी घेतो.

(जास्त हशा.)

न्यायाधीश: मग शिक्षा सोपी आहे. महाराजांच्या डाव्या पायाची पट्टी स्वतःच्या हाताने बदला. सरकारी नर्स मदतीला आहेत.

इथे मास्तरांनी ओळ सोडली आहे, म्हणून पुढचं मी सांगतो.

मामा खुर्चीवर बसले होते, अंगावर लाल झगा, डोक्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट. मंत्री हसतहसत गुडघ्यावर बसले. पहिला वेढा सोडला, दुसरा सोडला. मग वास आला. बँजो थांबला. ढोलकऱ्याची काठी वरच राहिली. गुलाब मंडळ इतकं गप्प कधी झालं नव्हतं. टेकडीपलीकडे मार्गरीटवाल्यांना वाटलं असेल, कुणी मेलं.

मामांना तो वास एवढा आहे हे माहीत नसावं. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मग मुकुट काढला आणि वाकून पायावर धरला, झाकायला.

ते सोंग सोडणं होतं. जर्मेनने शिक्षा दिली नाही.

मा फ्रेझी पुढे आली. तिने पिशवीतून आधी थर्मामीटर काढला, तो परत ठेवला आणि खवल्यांची सुरी काढली. गणवेशाला पुसली.

"साहेब, पाय घट्ट धरा. मी शेपटीकडून सुरू करते."

वहीत पुन्हा:

आरोपी: अहो, थांबवा हिला! ही नर्स नाही!

न्यायाधीश: मोठ्याने बोला. मास्तरांना ऐकू कमी येतं.

आरोपी: ही बाई नर्स नाही! हिला काही येत नाही! या माणसाला खरी नर्स पाहिजे, आजच्या आज!

न्यायाधीश: लिहिलंत?

मास्तर: 'आजच्या आज'पर्यंत.

न्यायाधीश: आरोपीने भर दरबारात सोंग मोडलं. गुन्हा दुसरा. पण आरोपी भुकेला दिसतो. सही करा, जेवायला बसा.

मंत्र्यांनी वहीकडे पाहिलं, मग जर्मेनकडे. माणूस मूर्ख नव्हता. एवढी मोठी चूक करायला मूर्ख असून चालत नाही.

"ही बाई कोण आहे, ते मी विचारू का?" ते हळू आवाजात म्हणाले.

"विचारा की," जर्मेन म्हणाली. "मास्तर तेही लिहितील. मग गेल्या वर्षी तुम्ही हात कुणाशी मिळवलात, तेही लिहितील."

समोर भाजलेला नीरफणस होता, उकडलेली हिरवी केळी होती, खारा मासा होता. मंत्र्यांनी सही केली. मास्तरांनी खाली गुलाबाचा शिक्का मारला. जेवताना ते मामांच्या शेजारी बसले, आणि हे मात्र सांगायला हवं, की उठून दुसरीकडे बसले नाहीत.

त्या पानाची नक्कल आम्ही अर्जाला जोडली. सप्टेंबरच्या बारा तारखेला मिस थेक्ला नावाची नर्स आली. मार्गरीटवाले म्हणतात, त्यांनी प्रार्थना केली म्हणून. तिने बकरी हाकलली, कुलूप तोडलं, पट्टी सोडली आणि मामांना म्हणाली, "गाडीत बसा." मामा बसले. सबंध रस्ता डोळे मिटून बसले, ते माझ्या चालवण्यामुळे की आणखी कशामुळे, मी विचारलं नाही.

पाय वाचला. अंगठा गेला.

आता डावा बूट होतो. पुढे कापूस कोंबावा लागतो. सणाच्या सकाळी ते काम मा फ्रेझी करते आणि म्हणते, "आता तरी हलू नका."

जानेवारीत मिस ओडेट गेली त्या दिवशी मामांच्या अंगठ्यावर एक फोड होता, तुरीच्या दाण्याएवढा.