न पाहिलेली वीस वावरं

दुष्काळाच्या यादीत आमच्या वालूरचं नाव येऊन सरकारी मदत मिळाली तर निकिता शाळेत राहणार होती; नाही मिळाली तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार होती. माझ्या धाकट्या बहिणीची नववी एवढ्यावर अडली होती. आई-बाबा दसऱ्याआधीच टोळीबरोबर निघून गेले होते आणि तिला गीताआत्याकडे ठेवलं होतं.

मी तेव्हा परभणीत उपग्रहाची चित्रं वाचायला शिकत होते. चित्रात रान हिरवं दिसतं. पण ते हिरवं पीकच आहे का, हे चित्र सांगत नाही. ते पायी जाऊन बघावं लागतं. सरांनी प्रत्येकाला एकेक गाव दिलं, गावातली वीस वावरं नेमून दिली आणि बांधावर उभं राहून काय उगवलंय ते लिहायला सांगितलं. या नोंदींवरून झालेले नकाशे पुढे दुष्काळाच्या सरकारी पाहणीला जोडणार, हेही पहिल्याच दिवशी बजावलं.

मला माझंच वालूर मिळालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाकीची पोरं उन्हातान्हात चिखल तुडवत गेली. मी वसतिगृहात पंख्याखाली बसून वीसच्या वीस वावरं कागदावर भरली. कोणाच्या रानात काय पेरतात हे मला तोंडपाठ होतं. बन्सीधरकाकांचं सोयाबीन, आमचंही सोयाबीन. शेरा, 'जोमदार'. चित्रात सगळं हिरवंगार दिसतच होतं.

चित्राशी ताडल्यावर माझा नकाशा शंभरात पंच्याण्णव बरोबर निघाला. सरांनी वर्गासमोर कौतुक केलं. जुळणारच की, चित्र समोर ठेवूनच तर मी शेरे लिहिले होते!

यादी लागली. वालूर नव्हतं. मी सकाळच्या एसटीनं गावी गेले आणि उतरल्या उतरल्या वावरात गेले. कमरेएवढं गाजरगवत. ऑगस्टच्या उघडिपीत सोयाबीन जळालं होतं. हे आईनं फोनवर सांगितलं होतं आणि मी नुसतं हं हं केलं होतं. पुढे पाऊस आला, तण माजलं, पण खुरपायला गावात माणूस कुठं होतं? सगळे उसाच्या फडावर. आभाळातून त्या तणाचं पीक झालं.

परत येऊन सरांना खरं सांगितलं. दार लोटून ते म्हणाले, नकाशा वर गेलाय, आता बोललीस तर तुझं प्रमाणपत्रही जाईल आणि माझी नोकरीही. मी गप्प बसले. सरांना मनातल्या मनात शिव्या देऊन बघितल्या, पण तेवढ्यानं भागलं नाही. वावरात न जाणारी मी होते.

दिवाळी झाल्यावर निकिताला सोडायला गेले. आत्यानं गाठोडं बांधून ठेवलं होतं. निकितानं नववीची पुस्तकं माझ्या हातात दिली, नीट ठेव म्हणाली. मुकादमाची जीप येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो.

"उपग्रहानं पाहिलं म्हनतेत," ती म्हणाली. "त्याला काय कळतंय, ताई? त्या हापिसात तू पायजे होतीस. तुला तर आपलं वावर म्हाईत हाय."

जीप आली. मी तिचं गाठोडं टपावर टाकलं आणि तिला नीट जा म्हणाले.