जुडिथच्या पाटावरचा आळ

मी एक जुना पाट आहे, पण मित्रांनो, माझं वय मागाहून विचारा. आधी हे ऐका, जुडिथला गाठ माझ्यामुळे झाली नाही.

चौक गावच्या मोझेसने मोडक्या होडीच्या फळीतून मला घडवलं आणि आपल्या बायकोला, जुडिथला, दिलं. बावीस वर्षं ती माझ्यावर बसून भाईंदरच्या बाजारात बोंबील विकत आली. गिऱ्हाइकं मासळीची तारीफ करायची. माझी कोणी केली नाही, तेही चाललं.

मग ती एका अंगावर रेलून बसू लागली. उजव्या कुल्ल्यावर लिंबाएवढी गाठ आली होती. मोझेस म्हणाला, "फळकुटावर बसून बसून झालंय." झालं, मला बोंबील सुकवायच्या बांबूंखाली फेकलं आणि गादीची खुर्ची आली. त्यात शेजारीण सुगंधा रोज तेल लावून गाठ रगडायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तीन महिन्यांत गाठ मोसंब्याएवढी झाली. आता बोला! नाक्यावरचा डॉक्टर म्हणाला, "दहा मिनिटांत कापून देतो." मोझेस तयारही झाला. लेक रेचल मात्र माझ्याकडे बोट दाखवून अडून बसली.

"डॅडी, पाट तीन महिने बाहेर पडलाय, तरी गाठ वाढतेय. आत काय हाय ते बघितल्याशिवाय कापायची न्हाय."

मोठ्या इस्पितळात एमआरआय झाला, सुईने तुकडा काढून तपासला. गाठ दुर्मीळ निघाली. बाहेर दिसत होती ती थोडीच, बाकीची कमरेच्या हाडांमधून आत शिरून पायाच्या नसेला खेटली होती. वरवर कापली असती, तर आतली वाढतच राहिली असती. सर्जनबाई म्हणाल्या, "पूर्ण काढू, पण पायातली ताकद जाऊ शकते."

"पाय ओढत जाईन," जुडिथ म्हणाली, "पन धंदा सोडनार न्हाय."

सहा तासांनी गाठ अखंड निघाली, नसही वाचली. रेचलने अंगणात हे सगळं सांगितलं, तेव्हा सुगंधा मान खाली घालून ऐकत होती. मी ताठ पडून होतो.

मित्रांनो, गाठ दिसली तर रगडू नका, तपासल्याशिवाय कापू देऊ नका. आणि आमच्यासारख्या मुक्यांवर आळ घेऊन मोकळे होऊ नका.

चार महिन्यांनी जुडिथ काठी टेकत बांबूंपाशी आली. मोझेसने खुर्ची पुढे केली, ती तिने काठीने बाजूला सारली.

"माझा पाट धू," ती म्हणाली, "आनि त्याची माफी माग."

माफी काही त्याच्या तोंडून फुटली नाही. पण त्याने मला घासून धुतलं आणि बाजारात जुन्या जागी दोन्ही हातांनी मांडलं. जुडिथ हळूच टेकली, दोन्ही अंगांवर सारखी.