विधवा टेटमचं पुडकं

बायको, मार्विस, गेल्याचं कळलं त्या दुपारी आर्लो स्टेनरूड कुंपणाची तार ओढत होता. शेजारचा गस गाडीतून उतरला आणि त्यानं टोपी काढून हातात धरली. सकाळी ती किराणा आणायला गावात गेली होती. दुकानातच पडली.

मग दफन झालं. चर्चमधल्या बायकांनी जेवणाची भांडी आणून आणून फ्रीझर भरला. कागदांची आठवण कुणालाच झाली नाही.

झाली ती लोरेनला. गावातलं छोटं संग्रहालय ती सांभाळायची. तिथे जज्ज हायरम प्रॅटच्या कागदांची खोकी होती. मोंटाना अजून राज्यही झालं नव्हतं तेव्हा हा माणूस आधी वकील होता, मग जज्ज झाला. खोगिराला दप्तर बांधून गावोगाव कोर्ट भरवायचा. कागद तिघडी घालून फितीनं बांधलेले. इतकी वर्षं घडीत राहिलेले कागद कोरडे उघडले की घडीवरच तुटतात. म्हणून मार्विस लोरेनच्या मदतीला एकेक पुडकं घरी आणायची, डब्यात ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर कागद, आणि वर झाकण. दुसऱ्या दिवशी मऊ पडले की उलगडायची.

"विचारायला जिवावर येतंय, आर्लो," लोरेन दारातूनच म्हणाली. "तिच्याकडे एक पुडकं होतं."

डबा कपडे धुण्याच्या खोलीत सापडला. झाकण काढताच कुबट वास आला. कागदांवर करडी लव धरली होती. वरच्या घडीवर जज्जसाहेबांचं अक्षर मात्र दिसत होतं: विधवा टेटम, पाटाच्या पाण्याचा दावा.

आर्लो ते नाव ओळखत होता. ती गेली त्याच्या आदल्या रात्री जेवताना मार्विस आधीच्या पुडक्यात वाचलेल्या त्याच बाईबद्दल बोलत होती. "वरच्या अंगाला पाट अडवलाय मेल्यांनी, आणि ही एकटी भांडतेय. मिळालं असेल का रे तिला पाणी?"

"उद्या उघड नि बघ," तो म्हणाला होता.

"आता हात लावू नका," लोरेन म्हणाली. "असेच आडवे गोठवायचे. बुरशी थांबते. पुढचं राजधानीतले जाणकार बघतील, पण ते येणार वसंतात. तुमच्याकडे मोठा फ्रीझर आहे ना? मात्र त्यात खायचं काही ठेवता येणार नाही."

"आहे. पण मुंगी शिरणार नाही."

तो रिकामा करायला गसला बोलावलं. त्यानं आत डोकं घातलं. "अरे, हे माझंच एल्क हरणाचं मांस! गेल्या साली दिलेलं! खाल्लं का नाहीस, म्हाताऱ्या?"

"तू मारलेलं चाववत नाही, गस."

मांस बाहेर आलं. चर्चची भांडी बाहेर आली. तरी तळ मोकळा झाला नाही. तळाशी, सपाट, मार्विसनं लाटलेल्या लेफ्सच्या चवडी होत्या. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या ती दर वर्षी आधीच करून ठेवायची. वर चिकटपट्टी, तिच्या अक्षरात: नाताळसाठी. आर्लो, हात लावू नकोस.

"राहू द्या," लोरेन म्हणाली. "मी दुसरीकडे कुठे जागा मिळते का बघते."

"तोवर काय उरेल कागदांचं?"

आर्लो वाकला आणि एकेक चवड बाहेर काढून ओट्यावर ठेवली. कागदांची जाळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळाशी सरकवली. बरोबर बसली.

लेफ्स एकदा नरम पडली की पुन्हा गोठवून उपयोग नाही, तिचं चामडं होतं. म्हणून एक चवड लोरेनला दिली, एक गसला. गस नको नको म्हणत होता. "घे गुमान," आर्लो म्हणाला, "तिची तुझ्यावर माया होती. का, ते मला कळलं नाही." गसनं नाक पुसलं आणि घेतली.

उरलेल्या आर्लोनं एकट्यानं संपवल्या. लोणी लावून, साखर भुरभुरून, गुंडाळी करून. नाताळला अजून पुष्कळ अवकाश होता.

चिकटपट्टी त्यानं फ्रीझरच्या झाकणावर लावली. आत फक्त जज्जसाहेबांचे कागद आहेत. विधवा टेटमला पाणी मिळालं की नाही, ते वाचायचं राहिलंय.