घाई माझी नव्हती

मी ओल्डरकामच्या नगरपरिषदेचा हातोडा बोलतोय. हौस म्हणून नाही, बोलायला लावलंय म्हणून. आज नगरभवन लोकांना बघायला खुलं आहे, तर चिटणीस फेनाबाईंनी मला कपाटातून काढलं, पुसलं, मखमलीच्या उशीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "आता सांग बाबा तुझी गोष्ट." इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. आज पाहुणे आलेत, म्हणून माझी आठवण!

असो. मूळचा मी एल्मचं झाड, नदीच्या धक्क्यावरचं. पलीकडे जायची होडी माझ्याच बुंध्याला बांधायचे. दोराचे वळ उठलेले असायचे अंगावर. मग रोग आला, आम्हा सगळ्या एल्मना कापलं. लुइत्जेन सुताराने माझा एक तुकडा उचलला, कातला, तेल पाजलं आणि परिषदेला भेट दिला. तेव्हापासून मी नगराध्यक्षांच्या हातात.

आमच्याकडे नगराध्यक्ष गावाने निवडून दिलेला नसतो, वरून नेमून येतो. सभा चालवायची, गळ्यात साखळी घालायची, पण मत द्यायचं नाही. माझंही तेच. आवाज मोठा, मत नाही. म्हणून आमचं दोघांचं बरं जमायचं. नगरसेवकांना मात्र मत असायचं. कॉफीबरोबर एकेक बिस्किट घ्यायचे, डबा बंद व्हायचा, आणि मग सायकली कुठे लावाव्यात यावर घसा बसेपर्यंत भांडायचे. मला आवडायचं ते. भांडत होते तोवर ठीक होतं.

वाईट झालं ते न भांडल्यामुळे.

आमच्यात एक रीत आहे. ज्या विषयावर कुणालाच बोलायचं नाही ते विषय बिनचर्चेचे. अध्यक्ष विषय वाचतात, सभागृहाकडे बघतात, कुणी हात वर केला नाही की मला आपटतात. झाला मंजूर. एकाने जरी हात वर केला, एकाने, तरी मला थांबावं लागतं आणि चर्चा होते.

त्या वर्षी होडीचं अनुदान बंद करायचा विषय आला. माणसं पुलावरून जातात, होडी रिकामी फिरते, असं म्हणणं. रिकामी कसली! त्रैंत्जे काकू रोज जायच्या. त्यांचा नवरा हार्म पलीकडच्या वृद्धाश्रमात होता. तो कुणाला ओळखायचा नाही, पण ताकात शिजवलेली सातूची लापशी काकूंच्या हातची असली तरच खायचा, आणि तीही गरम. काकू पातेलं टॉवेलात गुंडाळून होडीत बसायच्या. होडीने जाईपर्यंत लापशी गरम राहायची. पुलावरून म्हणजे दोन बस बदलून, लांबचा वळसा.

आधीच्या बैठकीत काकू स्वतः येऊन बोलल्या. गावच्या कुणालाही बोलता येतं तिथे. "पूल आहे हे मला माहीत आहे हो," त्या म्हणाल्या, "पण माझ्या हार्मला गार लापशी चालत नाही."

सगळ्या पक्षांनी मान डोलावली. फार छान बोललात म्हणाले. बाहेर पडताना दारातच काकूंच्या शेजारचा सिबोल्ट भेटला. नगरसेवक तो, लहानपणी काकूंच्याच स्वयंपाकघरात वाढलेला.

"काकू, तुम्ही निवांत राहा. मी हात वर करतो, विषय चर्चेला आणतो."

"विसरशील रे. लहानपणी दप्तर विसरायचास."

"दप्तर विसरेन, तुम्हाला नाही विसरणार."

बाकीच्यांनी ते ऐकलं. सिबोल्ट बोलणार आहे ना, मग आपण कशाला? असं म्हणून प्रत्येकाने विषय डोक्यातून काढून टाकला. सज्जन माणसं, पण सगळी एकाच हातावर विसंबून.

सभेच्या दिवशी दुपारी सिबोल्टला त्याच्या पक्षाच्या लोकांनी बाजूला घेतलं. माझ्या टेबलाशेजारीच. "पुढच्या महिन्यात कारभाऱ्याची जागा रिकामी होतेय. तुझं नाव आहे. उगाच होडीवरून गोंधळ नको." कारभारी म्हणजे गावाचा रोजचा कारभार बघणारा, पगारी आणि मानाचा माणूस.

सभा सुरू झाली. तेव्हा अध्यक्ष हिल्लेखीनबाई होत्या. त्यांनी होडीचा विषय वाचला, मला उचललं आणि थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. त्यांनाही काकू आठवत होत्या, पण बाईंना मत कुठे होतं?

"कुणाला बोलायचंय का?" त्या सिबोल्टकडे बघूनच म्हणाल्या.

सिबोल्ट बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली नाडी सोडून परत बांधत होता.

मी हवेत लटकत होतो. मनात म्हणत होतो, उचल रे हात, गाढवा. नाही उचलला. बाईंनी मला आपटलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. सिबोल्ट तिथेच होता. काय म्हणाला माहीत आहे?

"काकू, मी हात वर करणारच होतो हो. पण हातोडाच आधी पडला."

काकू टेबलापाशी आल्या. माझ्यावर हात ठेवला. गरम होता हात. म्हणाल्या, "एवढी कसली घाई होती रे तुला?"

तेव्हा मला तोंड असतं तर! ज्या झाडाला होडी बांधायचे त्याच लाकडाला विचारत होत्या त्या.

होडी गेली. काकू बसने जायच्या, आठवड्यातून एकदा, मग तेही कधीमधीच जमायचं. हार्मने खाणं सोडलं. थंडीत गेला, तेव्हा काकू बसथांब्यावर पातेलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

पुढे आमची नगरपरिषद शेजारच्यांत विलीन झाली. नव्या सभागृहात नवा हातोडा आला आणि मी कपाटात. गावात मला अजून 'घाईचा हातोडा' म्हणतात. आजही दोन बाया बोट दाखवून तेच म्हणाल्या.

पाहुण्यांनो, तुमच्या गावच्या सभेत एखादा विषय शांतपणे मंजूर होताना दिसला, तर हातोड्याकडे बघू नका. खुर्च्यांकडे बघा. कोण नाडी बांधतंय ते बघा.

काकू अजून आहेत. संध्याकाळी धक्क्यावर बसतात. ज्याला माफी मागायची आहे त्याने आधी तिकडे जावं, मग इथे यावं. मी कुठे जात नाही. तो खालीच आहे, पाहुण्यांना बिस्किटं वाटतोय. माजी कारभारी सिबोल्ट रोएल्फ्समा.