शंभर पावलांना एक चित्र

दोन वर्षांपूर्वी वहिनींचं एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र मोठ्या शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश वरच्या फळीवर ठेवला. त्यानंतर एखाद्या शब्दाचा अर्थ अडला तर मी तो अडलेलाच राहू देत होतो.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. तो आणि मी एकाच छापखान्यात एकतीस वर्षं होतो. मी मुद्रितं तपासायचो, तो छापखान्याचा छायाचित्रकार. त्याला सगळे टिपकागद म्हणत, कारण समोर येईल ते तो टिपून घ्यायचा. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःला एक विचित्र नियम घालून घेतला. फिरायला निघालं की पावलं मोजायची, शंभर झाली की थांबायचं, आणि तोंडासमोर जे असेल त्याचं एक चित्र घ्यायचं. निवडायचं नाही, कॅमेरा वळवायचा नाही. "आयुष्यभर लोकांना 'जरा डावीकडे सरका' म्हणत आलो," तो म्हणायचा, "आता मीच सरकत जातो."

पत्र वहिनींच्या तिरप्या अक्षरात होतं. "भाऊजी, त्या दिवशी आमचं भांडण झालं. अगदी क्षुल्लक. हे कॅमेरा घेऊन निघाले, म्हणाले, आता मी काही परत येत नाही. असं ते नेहमीच म्हणायचे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी पुलावर सापडले. कठड्याला टेकून बसलेले, तोंड पाण्याकडे. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. पण ते जात होते की येत होते, हे कोणालाच सांगता येत नाही. मुलाने कॅमेऱ्यातले फोटो नंबर घालून एका गठ्ठ्यात बांधलेत. त्याला विचारलं तर म्हणतो, आई, नुसते रस्ते आहेत, त्यात काय बघायचं. माझ्या डोळ्यांना आता संगणकावरचं दिसत नाही. यांची पावलं तुम्हाला माहीत आहेत. बघून एवढंच कळवा."

पाकिटात पेनड्राइव्ह होता. त्यात एकच फाइल होती, तोंड बांधलेली, झिप म्हणतात ती. मी क्लिक केलं की संगणक विचारायचा, कुठे सोडू? मला वाटायचं, आपण भलतीकडे सोडलं आणि हरवलं तर? एखाद्याची शेवटची चाल आपल्या हातून सांडली तर? मी 'रद्द करा' दाबायचो. असं बारा-पंधरा वेळा झालं असेल. भित्रेपणाला मी काळजी म्हणत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

गेल्या महिन्यात भाची आली होती. तिला मी धीर करून विचारलं.

"मामा, दोन वर्षं? अहो, दोन मिनिटांचं काम!" ती खुर्ची ओढून बसली. "तुम्हाला गठ्ठा सोडायचाच नाहीये ना? मग सोडू नका. हे घ्या. हा प्रोग्रॅम बांधलेल्या फायलीतली चित्रं आतल्या आत दाखवतो. पुस्तकासारखं. बाण दाबला की पान उलटलं."

"किती पडतील याचे?"

"फुकट आहे."

"फुकट म्हणजे काहीतरी खोट असणार."

"कोणीतरी लिहून लोकांसाठी ठेवून दिलंय. तुम्ही नाही का, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिका मागून घेऊन तपासून देता? तसाच असेल एखादा, तुमच्याच जातकुळीचा."

ती हसत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवण उरकलं, पत्रासाठी शब्दकोश खाली काढला, चष्मा पुसला, आणि फाइल उघडली.

पहिलं चित्र त्याच्या घराचं फाटक, अर्धवट उघडं. खाली कोपऱ्यात बारीक आकडा, तेहतिसातलं पहिलं. मी बाण दाबला. दुसऱ्या चित्रात पूल मागे पडला होता आणि समोर पाण्याची टाकी होती. शंभर पावलांत? त्याच्या घरापासून पुलाची सुरुवात आठशे पावलं आहे, हे आम्ही दोघांनी कितीदा मोजलेलं. मी पुढे गेलो. चित्रं माझ्या घराकडे येऊ लागली, लोहाराचं दुकान, शाळेची भिंत, आणि एकदम परत त्याच्याच गल्लीतला औषधवाला. पुढचं पान उलटलं आणि मी बाणावरचं बोट उचललं.

माझं दार होतं.

त्या पानापासून सलग तीन चित्रं माझ्या दाराची होती. एकाच जागेवरून तीन, नियम मोडून. पहिल्यात दाराशेजारच्या खिडकीचा पडदा सरळ होता. दुसऱ्यात पडद्याच्या कडेला आतून चार बोटं होती. तिसऱ्यात बोटं नव्हती.

मला तो दिवस आठवत नाही. खरंच आठवत नाही. बेल वाजली की मी वाचता वाचता उठतो, पुस्तक काखेत धरून पडद्याशी जातो, कडेला चार बोटं लावतो, आणि तिथेच थांबतो. बाहेर कोण आहे ते पाहिलं तर दार उघडावं लागेल, म्हणून पाहत नाही. बेल थांबली की परत येऊन बसतो. असं मी किती वेळा केलं असेल, देव जाणे. त्यातला एक दिवस त्याचा होता. मी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. पडदा सरळ होता. मी उठून तो बांधून टाकला, मगच परत बसलो.

पुढची चित्रं आणखी चमत्कारिक होती. काहींत समोर ऊन, भिंगात गोल ठिपके. काहींत त्याची सावली त्याच्या पुढे रस्त्यावर पडलेली. सावली आली, सात पानं राहिली, एका पानापुरती नाहीशी झाली, पुन्हा आली ती आधीपेक्षा लांब, आणि चार पानांनी गेली. जणू रस्त्यात कोणी काळा मनुष्य त्याला मधेच भेटत होता आणि मधेच सोडून जात होता. शेवटचं, तेहतिसावं पान: पुलाची सुरुवात, समोर पाण्याची टाकी, डोळ्यांवर ऊन. त्याचं घर पाठीमागे.

म्हणजे तो जात होता. माझ्या दाराशी आला, दार उघडलं नाही, मग वेड्यासारखा तीनदा इकडून तिकडे भटकला, आणि शेवटी घराकडे पाठ करून पुलावर बसला. हे मी वहिनींना कोणत्या शब्दांत कळवणार होतो? मी पुन्हा संगणक बंद केला. शब्दकोश पुन्हा वर गेला.

पण ती सावली मला स्वस्थ बसू देईना. आठवड्याने मी भाचीला फोन केला. आधी हवापाण्याचं विचारलं.

"मामा, मुद्द्याचं बोला. तुम्ही फोनवर हवा विचारलीत म्हणजे काहीतरी बिघडलंय."

"बिघडलं नाही गं. सावली येते आणि जाते."

"कसली सावली?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "चित्राच्या वरच्या पट्टीत फायलीचं नाव दिसतंय का? शेवटच्या चित्राचं काय नाव आहे?"

मी पाहिलं. वर लिहिलं होतं, नऊ.

"आणि दुसऱ्या पानाचं?"

दहा.

"झालं! तो क्रम अक्षरांसारखा लावतोय, मामा. एक या आकड्याने सुरू होणारे सगळे आधी: एक, दहा, अकरा, बारा. मग दोन, वीस, एकवीस. वरच्या यादीत 'आकड्याप्रमाणे' असं काहीतरी असेल, ते दाबा. तारखेवर जाऊ नका, मी आले होते तेव्हा पाहिलं, कॅमेऱ्यातलं घड्याळ बंद दिसतंय, सगळ्यांवर एकच वेळ आहे. आणि काय हो, आयुष्यभर लोकांची पानं लावलीत, आणि हे दिसलं नाही?"

दिसलं नाही, कारण मी मुद्रितशोधक आहे. तळाचा आकडा ओळीने येत असला की आमची नजर पान पुढे सरकवते. खाली एक, दोन, तीन असं चोख येत होतं. तो आकडा प्रोग्रॅमने स्वतः मोजलेला आहे, मजकुराचा नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलटसुलट बांधलेल्या पुस्तकात पृष्ठांकच नवे छापले तर कोणाला कळणार?

फोन ठेवून मी क्रम बदलला आणि पहिल्यापासून निघालो.

आता त्याची चाल सरळ होती. फाटक, औषधवाला, नवव्याला पूल, ऊन समोर. दहाव्याला टाकी, मग शाळेची भिंत. विसाव्याला माझं दार, एकविसाव्याला बोटं, बाविसाव्याला नुसता पडदा. तेविसाव्यापासून तो वळला होता. ऊन पाठीवर आलं आणि त्याची सावली त्याच्या पुढे पडली. भटकणं नव्हतं, वेड नव्हतं. तेहतिसावं पान पुलाचं, पण पलीकडच्या टोकाकडे तोंड असलेलं. नदीपार त्याच्या घराचा जिना दिसत होता. तो येत होता.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही, कारण मी दुसरंच काही पाहत होतो.

मी तेविसाव्याकडे परत गेलो. रस्त्यावर त्याची एकट्याची सावली. चोविसाव्यात, पंचविसाव्यातही तेच. सव्विसाव्यात चित्राच्या डाव्या खालच्या कडेला काळ्याचं एक टोक. खांब असेल. सत्ताविसाव्यात ते टोक पुढे आलं होतं. अठ्ठाविसाव्यात त्याला डोकं होतं. कोणीतरी मागून भराभर चालत येत होतं, आणि दर शंभर पावलांना त्याला थोडं गाठत होतं. तिसाव्यात खांदे आले. मी बाण दाबत राहिलो, थांबलो तर तो मागचा मनुष्य मधेच उभा राहील असं वाटत होतं.

तेहतिसाव्यात दोन्ही सावल्या पुलावर शेजारी शेजारी होत्या. दुसरी ठेंगणी, पाठीत वाकलेली, डावं कोपर बाहेर आलेलं. काखेत पुस्तक धरलं की कोपर असंच येतं. मी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, तेव्हा नुसते करडे चौकोन उरले. लहान केलं, पुन्हा तोच मनुष्य.

मी त्याच्यामागून बाहेर पडलो असणं शक्य नव्हतं. दारच उघडलं नव्हतं, त्या चित्रांमध्येच ते दिसत होतं.

रविवारी भाची आली. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. तेहतिसावं चित्र उघडं ठेवून चहा करायला आत गेलो.

"सापडलं ना?" ती बाहेरून ओरडली. मग आवाज खाली आला. "मामा, तुम्ही पण गेला होतात त्यांच्याबरोबर?"

"का गं?"

"हे काय, दोघं आहात की."

मी कप घेऊन बाहेर आलो. "बघ नीट," मी म्हटलं, "खांब असेल."

"खांबाच्या काखेत पुस्तक असतं का?" ती म्हणाली.

पत्राचे मी सहा कच्चे खर्डे केले. पहिल्यात मी फक्त लिहिलं, "ते घरी येत होते." एवढंच विचारलं होतं आणि एवढं खरं होतं. पण माझ्या दाराचं लपवून ते अर्धंच खरं राहत होतं. दुसऱ्यात दाराचं लिहिलं, पण बोटं वगळली. पाचव्यात बोटं लिहिली. सावलीचं वाक्य लिहिलं आणि खोडलं. म्हातारा भ्रमिष्ट झाला असं वहिनींना वाटेल, आणि कदाचित झालाही असेन.

शेवटी पत्र असं झालं: "वहिनी, ते परत येत होते. पुलावरून तुमच्या जिन्याकडे तोंड होतं, चित्रात जिना दिसतो. त्याआधी ते माझ्या दाराशी आले होते. मी आत होतो. बेल वाजली असणार, मी पडद्यापर्यंत गेलो, पण उघडलं नाही. त्याची माफी मागायला मला दोन वर्षं लागली. पुलावर त्यांच्या शेजारी आणखी एक सावली आहे. ती कोणाची हे मला सांगता येत नाही. पण ते एकटे नव्हते."

शेवटची तीन वाक्यं मी याही वेळी खोडली होती. बराच वेळ पेन हातात ठेवून बसलो. मग खोडलेल्या शब्दांखाली ओळीने टिंबं दिली. छापखान्यात त्याचा अर्थ असतो, खोडलं ते चुकलं, राहू द्या. वहिनींना ती खूण माहीत आहे, त्याच छापखान्यात त्या खिळ्यांच्या जुळणीला बसायच्या.

पाच वाजता मी पत्र घेऊन निघालो. ऊन पाठीवर होतं. रस्त्यावर पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून समोरच पाहत गेलो. पावलं मात्र आपोआप मोजली जात होती. टपालपेटीशी पोचलो तेव्हा दोनशे झाली होती. काखेतलं पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं आणि पाकीट आत सोडलं.